उघड्या पायांचं घुबड

घुबड ओकतं. साठी उलटून गेली तरी मला हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळे माझं काही अडलंही नव्हतं. खाल्लेलं पोटात ठेवायची रीत माणसात आहे, मांजरातही बऱ्यापैकी आहे. ह्या पाखराला मात्र हाडं, केस, खवले पचत नाहीत. मग ते सगळ्याचा एक गोळा वळतं आणि तोंडातून बाहेर टाकतं. टाकेना बापडं! रानात टाकतं, रान बघून घेईल. पण माझी सून ते गोळे वेचते, डब्यात भरते आणि घरी आणते. माझ्या ओट्यावर.

साधं घुबड असतं तरी मी चालवून घेतलं असतं. त्याच्या गोळ्यात उंदराचे केस आणि बारीक हाडं असतात, वाळले की वास जातो. आमच्या सूनबाईचं घुबड मासे खातं. मासे, खेकडे, बेडूक, आणि एकदा एक अख्खा साप, तोही आधीच कुजलेला असावा असा मला संशय आहे. तिनं पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा भिंतीवरची पाल दाराच्या फटीतून चालती झाली. घाई इतकी, की शेपटी मागे विसरली. फुलदाणीतली फुलं प्लॅस्टिकची होती, तीसुद्धा माना टाकून बसली. खोटं वाटत असेल तर फुलदाणी अजून आहे, येऊन बघा.

"आई, ही घाण नाही, पुरावा आहे," सूनबाई म्हणायची. नाकावर फडकं बांधून, चिमट्यानं एकेक खवला वेगळा काढून, कागदावर मांडत बसायची.

"पुरावा आहे तर पोलिसात नेऊन दे. माझ्या चहाच्या गाळण्यात कशाला?"

"गाळणं धुऊन ठेवते ना मी."

धुऊन ठेवायची, हे खरं. पण एका रविवारी माझा लेक घरी आला. तो नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतो, आठवड्याला एकदा येतो. चहा पिता पिता म्हणाला, "आज चहात काहीतरी कुरकुरीत लागतंय." बायकोनं उठून त्याच्या तोंडात बोट घातलं आणि खेकड्याच्या नांगीचं टोक बाहेर काढलं. तो ओरडला, मी ओरडले. सूनबाई उजेडात धरून म्हणाली, "अगं बाई, हे डावीकडचं आहे, हेच सापडत नव्हतं!"

अशा बाईशी काय भांडणार?

आता हा सगळा उपद्व्याप कशासाठी, ते सांगते. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला नदी दोन डोंगरांमधून वाट काढत येते. तिथं एका बाजूला उभा कडा आहे. एका कंपनीला तो कडा हवा होता. सुरुंग लावून फोडायचा आणि त्याची खडी करायची. पण त्याआधी खोऱ्यात कुठली पाखरं राहतात ह्याची पाहणी करणं भाग होतं. ती पाहणी करणाऱ्यांत आमची सून. कड्याच्या कपारीत हे मासेखाऊ घुबडाचं जोडपं राहतं हे तिनं शोधलं होतं. उभं राहिलं तर टेबलाच्या उंचीला येईल असं मोठं. अख्ख्या खोऱ्यात दुसरीकडे कुठेही नाही. त्यांचं घरटं तिथं आहे असं पाहणीत लागलं की कडा वाचला. नाही लागलं, तर पावसाळा संपताच सुरुंग.

मग लागत का नव्हतं? कारण पाहणीचा एक नियम होता. दोन माणसांनी बरोबर जायचं, आणि दोघांनी पाहिलं किंवा ऐकलं तरच ते पाखरू आहे असं धरायचं. एकटीनं पाहिलं तर ते वाऱ्यावर. आणि दुसरा माणूस होता अत्तरसाहेब.

हे नाव मी ठेवलेलं. घुबडांवर मोठमोठी भाषणं देणारा माणूस, पाहणीचा प्रमुख, पण अंगाला अत्तराचा वास असा की चार घरं आधी कळायचं, साहेब निघालेत. आमच्या घरी आला तो रुमाल नाकाला लावूनच आला. सूनबाईनं कागदावर मांडलेले खवले, नांग्या, बेडकाच्या तंगड्यांची हाडं दाखवली. लांबूनच मान वाकडी करून त्यानं पाहिलं.

"हे पाणमांजराचं आहे," म्हणाला.

"सर, हे कड्याच्या कपारीखाली सापडलं. पाणमांजर उभा कडा चढून ओकून येतं का?"

"कशावरून नाही? निसर्गात काहीही घडतं."

मी बशीत बिस्किटं ठेवली होती. त्यानं दोन बोटांत एक उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, आणि परत बशीत ठेवलं. त्याच बशीत! बाकीच्या बिस्किटांना लावून! घुबडाच्या गोळ्यानं मला मळमळलं होतं, नाही म्हणत नाही. पण त्या बिस्किटाकडे बघून जे झालं ते वेगळंच. मी अख्खी बशी केरात उलटी केली, त्याच्यादेखत.

कंपनीला पाखरू नको होतं, म्हणून साहेबालाही नको होतं, आणि ह्या माणसाची न बघण्याची कला मोठी होती. सूनबाई म्हणायची, "सर, तो बघा, समोरच्या फांदीवर." साहेबाच्या बुटाची नाडी तेवढ्यात सुटायची. ती म्हणायची, "सर, ऐका, नर घुमतोय." साहेबाला तेवढ्यात खोकला यायचा. आणि खरी लबाडी तर पुढेच. घुबडांच्या पाहणीत म्हणे आवाज वाजवतात. दिवेलागणीला ठरलेल्या जागी उभं राहायचं, यंत्रावर घुबडाचा आवाज लावायचा आणि गप्प राहून ऐकायचं. हद्दीत दुसरं कोण घुसलं म्हणून खरं घुबड उत्तर देतं. अत्तरसाहेब काय करायचा, सगळ्यांत आधी लावायचा तो शिंगाळ्या घुबडाचा आवाज. ते दांडगं, दुसऱ्यांची पिल्लं उचलून नेणारं. तो ऐकला की सगळं रान तोंड शिवून बसतं. त्यानंतर मासेखाऊचा आवाज लावला काय आणि बँड लावला काय, चिडीचूप. तेही गाडीतून न उतरता, पुलावरून, काच चार बोटं खाली करून.

"मग तू बोलत का नाहीस त्याला?" मी विचारलं.

"बोलले. म्हणाले, पाहणी सगळ्या घुबडांची आहे, क्रम मी ठरवणार. कागदावर त्यांचं बरोबर आहे, आई."

"वर तक्रार कर."

"वर तेच आहेत."

त्या दिवशी तिनं गोळे भरले नाहीत, काही नाही. नुसता ओटा घासत बसली. फिनेल ओतून ओतून घासला. काही सांडलेलं नव्हतं तरी घासला. तिला रडायला येत नाही, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. तिचं सगळं हातातून निघतं. मी म्हटलं, "पुरे आता, दगड झिजेल." तर म्हणते, "आई, पिल्लू आहे आत. मी पाहिलंय. अजून उडता येत नाही त्याला. उद्या पाहणीचा शेवटचा दिवस, आणि सर म्हणणार, काही नाही."

"उद्या मी येते," मी म्हटलं.

"तुम्ही? तुम्हाला तर घाण वाटते."

"वाटतेच. म्हणूनच येते. ती नक्की किती आहे हे एकदा बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर निघालो. अत्तरसाहेब त्याच्या गाडीतून, आम्ही आमच्या. पुलावर थांबेल असं वाटलं होतं, पण स्वारी चक्क कड्यापर्यंत आली. नवे कोरे बूट, नवी टोपी. कंपनीला म्हणे फोटो हवे होते. साहेब स्वतः कड्याच्या पायथ्याशी उभे राहून कसून शोध घेताहेत, असे. म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दाखवायला.

"ह्या आजी कशाला?" त्यानं विचारलं.

"डबे सांभाळायला," मी म्हटलं.

पायथ्याची ती जागा तुम्हाला काय सांगू! खडकावर पांढरे ओघळ, चुन्याची बादली वरून उपडी केल्यासारखे. खाली चिखल, आणि चिखलात माशांची डोकी. अर्ध्या माशांना डोळे होते, अर्ध्यांना नव्हते, आणि नव्हते तेच जास्त बघत होते. एका बेडकाची मागची अर्धी बाजू दगडावर वाळत घातल्यासारखी पसरलेली. हिरव्या माशा इतक्या दाट, की मी हात हलवला तर मूठ भरून आल्या. वास तर विचारू नका. माझी कवळी आपण होऊन सैल झाली. सूनबाई मात्र देवळात आल्यासारखी हळू पावलं टाकत होती.

"बघताय ना, सर? हे सगळं ताजं आहे."

"पाणमांजर," रुमालाआडून साहेब म्हणाला. "चला, आटपा. आजी, हा माझा फोन धरा. हे गोल बटण दाबायचं, दाबतच राहायचं. मागे कडा दिसू दे."

सूनबाईच्या हातात बॅटरी आणि आवाजाचं यंत्र होतं. साहेबानं ते यंत्र घेतलं, छातीशी धरलं, हनुवटी वर केली, एक पाय दगडावर ठेवला. आणि नेहमीच्या सवयीनं लावला शिंगाळ्याचा आवाज.

"सर, इथं नको!" सूनबाई ओरडली. "वर पिल्लू आहे!"

"कसलं पिल्लू? काही नाही वर."

इथंच चुकला तो. इतकी भाषणं दिलेला माणूस, पण पुलावरून गाडीत बसून वाजवण्याची सवय. शिंगाळ्याला भिऊन पाखरं गप्प बसतात, हे खरं. पण कधी? पंख उचलून निघून जाता येतं तेव्हा. उडता न येणारं पोर मागे असलं तर कुठली आई गप्प बसेल? पिल्लं पळवणारा थेट घराखाली येऊन ओरडतोय, असं वाटलं तिला.

यंत्राच्या ओरडण्यात मला काही ऐकू आलं नाही. आधी वारा आला, कुजक्या माशांचा वारा, आणि त्यातून एक गोधडीएवढं काहीतरी खाली उतरलं. साहेबाची टोपी नदीत. यंत्र चिखलात. आणि साहेबाच्या डोक्यावर ते उभं! पंख पसरून, पिवळे डोळे वटारून, बशीएवढे... बरं, वाटीएवढे. एक पाय टाळूवर, दुसरा कपाळावर, पंजे भुवईपर्यंत लोंबलेले. साहेब ओरडायला गेला. नेमकं तेव्हा घुबडानं आपलं पोट मोकळं केलं. वरून की खालून, हे मी सांगत नाही; काही गोष्टी सांगण्यालाही मर्यादा असते. बरं, सांगते. दोन्हीकडून. आणि साहेबाचं तोंड उघडं होतं.

मी आपली बटण दाबत होते. दाबतच होते.

मग ते जसं आलं तसंच वर गेलं. साहेब चिखलात बसला होता. कपाळावरून रक्त, त्यात पांढरं, त्यात काळपट, आणि कानावर एक खेकड्याचा पाय. अत्तराचा वास त्या सगळ्यात मिसळला आणि जे तयार झालं ते जगात आजवर कोणी हुंगलेलं नसेल. मी झाडाआड जाऊन ओकले. माझा काही कोणी गोळा केला नाही.

"सर, पाहिलंत ना?" सूनबाईनं विचारलं. तोवर तिनं आपल्या ओढणीनं त्याचं कपाळ दाबून धरलेलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

"काय पाहिलं?" साहेब म्हणाला. "फांदी पडली."

"फांदी?"

"फांदी लागली मला."

आता मला सांगा. माणसाच्या तोंडात घुबडाची घाण आहे, आणि त्याच तोंडानं तो म्हणतोय फांदी! त्याआधी मला जी किळस आली होती ती सगळी लहान वाटली. मी म्हटलं, "थांब, फोटो आहेत." फोन उघडून पाहिला, तर माझा अंगठा. पहिल्यात अंगठा, दुसऱ्यात अंगठा, पुढे सगळे अंगठेच. एकात कोपऱ्यात साहेबाचा बूट, बास. तेवढा बूट घेऊन काय सिद्ध करणार?

सूनबाईनं ओढणी त्याच्या कपाळाला घट्ट बांधली. दोघी मिळून आम्ही त्याला उचललं आणि आमच्या गाडीत घातलं. त्याची गाडी त्याला घाण करायची नव्हती. आमची चालली! सगळ्या काचा खाली करून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई दुकान बंद केल्यासारखी पर्स उचलून निघालीच होती. वास आधी आत गेला, आम्ही मागून. कंपाउंडरनं बसल्या जागी खुर्ची मागे सरकवली, ती भिंतीला टेकली.

"काय झालं?"

"फांदी लागली," साहेब म्हणाला.

बाईनं मोठा दिवा लावला, कापसानं कपाळ पुसलं, मग चिमट्यानं केसांतून काहीतरी काढून बशीत ठेवलं. माशाचा खवला. आणखी एक. "कुठल्या झाडाला मासे लागतात हल्ली?" तिनं विचारलं.

"हे बघा," ती हातमोजे चढवत म्हणाली, "फांदीची जखम असेल तर मी स्वच्छ करून शिवते आणि घरी पाठवते. पण कुजकं मांस खाणाऱ्या पाखराचा पंजा असेल तर शिवून चालणार नाही. उघडी ठेवायची, रोज येऊन धुऊन घ्यायची, आणि इंजेक्शनं. तुम्ही सांगाल ते मी धरून चालणार. चुकीचं सांगितलंत आणि मी शिवली, तर आतल्या आत सडेल. पू होईल. डोळ्याच्या इतक्या जवळ आहे."

सूनबाई साहेबाच्या डोक्याशी उभी होती. तिचा हात बघत होते मी. टेबलाची कड तिनं इतकी घट्ट धरली होती, की पत्र्याला पोचा आला असता. पण बोलली ती शांतपणे.

"सर, खरं सांगा. माझ्यासाठी नाही. सडेल ते."

ही माझी सून! त्याला सडू द्यायला हवा होता, असं मला वाटत होतं, आणि अजूनही अधूनमधून वाटतं.

"टाके घालू?" डॉक्टरीणबाईनं सुई उचलली.

"सडेल म्हणजे... वास येईल?" साहेबानं विचारलं.

"येईल म्हणजे? तुमच्या घरचे बाहेर झोपतील."

"घुबड होतं," साहेब म्हणाला.

"मोठ्यानं सांगा, ह्यांना कमी ऐकू येतं," मी कंपाउंडरकडे बोट दाखवून म्हटलं. त्या बिचाऱ्याला चांगलं ऐकू येत होतं.

"घुबड!"

"कुठलं, सर?" सूनबाईनं विचारलं. "शिंगाळं का?"

आणि बघा हं, इतका लबाड माणूस, पण चुकीचं उत्तर त्याच्याच्यानं देववेना. कोणी गाणाऱ्यासमोर बेसूर गावं तसा त्याचा चेहरा झाला. "शिंगाळ्याच्या पायावर पिसं असतात," तो चिडून म्हणाला. "ह्याचे पाय उघडे होते. माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होते, मला दिसत नाही का? मासेखाऊच. मादी."

"आणि अंगावर का आली?"

"पिल्लू असणार. त्याशिवाय येत नाही."

"म्हणजे दोघांनी पाहिलं," सूनबाई म्हणाली. पिशवीतून पाहणीचा कागद काढून तिनं त्याच्या छातीवर ठेवला, पेन हातात दिलं. डॉक्टरीणबाई सुई हातात धरून उभी होती, कंपाउंडर भिंतीला चिकटून उभा होता, आणि मी दारात उभी होते. त्यानं सही केली. कागदाला वास लागला, तो अजून गेलेला नाही म्हणतात. कचेरीत ती फाईल खिडकीबाहेर टांगून ठेवतात.

कडा वाचला. कंपनीनं आपली खडी दुसरीकडून आणली.

आणि अत्तरसाहेब? महिनाभरानं एका सभागृहात भाषण ठेवलेलं होतं. सूनबाईला मागच्या रांगेत जागा, मला तिच्या शेजारी. साहेब मंचावर आला, कपाळावर तीन रेघांचा व्रण, आणि तो दिसावा म्हणून केस मागे वळवलेले. म्हणाला, "ह्या दुर्मीळ पाखराच्या शोधासाठी मी रक्त सांडलं." माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. थापा मीही मारते, आयुष्यभर मारत आले. पण माझ्या थापेनं आजवर कोणाच्या ताटातलं उचललेलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मी उठून मोठ्यानं विचारलं, "साहेब, चव कशी होती?"

पुढच्या रांगा वळून बघू लागल्या. साहेबाचा हात आपोआप रुमालाकडे गेला. सूनबाईनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं आणि जिन्यात बसून हसली, इतकी, की मला वाटलं हिला आता उचलून न्यावी लागणार.

"तुला राग नाही येत गं?" मी विचारलं.

"येतो. पण आत्ता नको. उजेड आहे तोवर चला, तुम्हाला काहीतरी दाखवते."

तिनं गाडी काढली ती थेट खोऱ्यात. कड्यासमोर, नदीच्या अलीकडच्या काठाला, झुडपाआड मला बसवलं आणि दुर्बीण हातात दिली. मी शोधत राहिले. दगड, दगड, दगड, आणि मग कपारीच्या तोंडाशी ते पिल्लू. माझी अपेक्षा काय होती कोण जाणे. इतका जीव टाकला त्याच्यावर, तर निदान बघण्यासारखं असावं की नाही? तर कुठल्यातरी फाटक्या गादीतला कापूस ओला करून बसवावा तसं ते बसलेलं. डोकं अर्धं टकलं, पायांना चिखल, अंगाखाली माशांचा सडा. चोचीत एक अख्खा बेडूक, त्याची एक तंगडी बाहेर, आणि ती तंगडी अजून हलत होती. पोरानं मान मागे टाकली, गिळलं, डोळे मिटले. मग पुन्हा उघडले, आणि गिळलेलं सगळं परत बाहेर काढून पायाशी ठेवलं, जरा बघितलं, आणि पुन्हा खायला लागलं.

"शी!" मी म्हटलं. "शी शी शी! हे? ह्याच्यासाठी?"

"गोंडस आहे ना?" सूनबाई म्हणाली. "द्या आता, मला बघू दे."

"थांब गं जरा," मी म्हटलं. "तंगडी अजून राहिलीय."